टाकीवरचा सेन्सर रात्रीच का हरवतो?

अंबाजोगाईला माझ्या आत्याचं घर आहे. पुढचा भाग जुना, काळ्या दगडाचा, दोन-अडीच फूट जाडीच्या भिंतींचा. मागचं स्वयंपाकघर नंतर विटांत बांधलेलं, त्यावर स्लॅब आणि स्लॅबवर पाण्याची टाकी. गेल्या उन्हाळ्यात मी त्या टाकीला एक सेन्सर बसवून दिला. काडेपेटीएवढी डबी, आत बटणासारखा सेल, आणि डबीतून निघालेली दोन टोकांची वायर टाकीच्या तोंडाशी सोडलेली. पाणी टोकांना लागलं की आत्याच्या फोनवर घंटी वाजते आणि ती मोटर बंद करते.

तिच्या गल्लीत नळाला पाणी आठवड्याने येतं, आणि येतं ते पहाटे. उठून मोटर लावायची, आंघोळ-पूजा उरकायची, घंटी वाजली की मोटरीचं बटण दाबायचं, असा तिचा क्रम बसला होता. जुलैत एका सकाळी तिचा फोन आला. "अरे, टाकी वाहून गेली बघ. ह्ये यंत्र मुकंच बसलंय." अर्धा तास पाणी भिंतीवरून ओघळत होतं. २०१६ च्या एप्रिलमध्ये आमच्या लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी आणावं लागलं होतं. तो उन्हाळा ज्याने काढलाय, त्याला टाकी वाहून गेल्याचं नुसतं ऐकूनही पोटात कालवतं. म्हणून मी त्या सेन्सरच्या मागे लागलो. जे हाती लागलं ते सविस्तर लिहितोय, कारण घरात असे सेन्सर लावलेल्या पुष्कळांचं दुखणं हेच आहे: सेन्सर हबपासून, म्हणजे सेन्सरचे निरोप ऐकून फोनवर पोहोचवणाऱ्या घरातल्या पेटीपासून, तुटतो, आपोआप परत येतो, पुन्हा तुटतो, आणि विचारलं तर उत्तर मिळतं, "रीसेट करून बघा."

रीसेट करू नका. निदान आधी नको. रीसेट केल्यावर सेन्सर चार दिवस नीट चालतो, पण तो का तुटला होता याचा माग पुसून जातो. आधी एक वही घ्या आणि तो किती वाजता तुटतो ते लिहा. आमच्या आत्याच्या घरचं कोडं त्या वहीनेच सुटलं.

"ऑफलाइन" दिसतं ते कधीचं?

सेलवर चालणारा सेन्सर दिवसातला जवळपास सगळा वेळ झोपलेला असतो. त्याला झोपावंच लागतं. त्याच्या पोटातला सीआर२०३२ सेल साधारण २२० मिलिअँपिअर-तासांचा. आपल्या फोनची बॅटरी ५००० च्या आसपास असते आणि ती दिवसभरात संपते. त्या चिमूटभर साठ्यावर वर्ष-दीड वर्ष काढायचं, तर डोळे मिटून पडण्याशिवाय गत्यंतर नाही. काही घडलं, म्हणजे पाणी लागलं, दार उघडलं, तर तो जागा होतो, निरोप टाकतो आणि पुन्हा झोपतो. काहीच घडलं नाही तर ठरावीक वेळाने उठून नुसती हजेरी लावतो. बरेच सेन्सर तासाभराने लावतात.

म्हणजे हब सेन्सरला हाक मारत नाही. सेन्सर हाक मारतो आणि हब ऐकतो. हाक आली नाही तर हबला लगेच काहीच कळत नाही, तो वाट बघत राहतो. किती वाट बघायची हे सॉफ्टवेअरवर ठरतं. होम असिस्टंट हे हब चालवायचं सॉफ्टवेअर वापरणाऱ्यांना माहीत असेल, त्यातली झिगबीची (ही सेन्सरची बिनतारी बोली, तिच्याबद्दल पुढे येईलच) मूळ सोय सेलवरच्या उपकरणाची ६ तास वाट बघते, मग 'उपलब्ध नाही' म्हणते. विजेवर चालणाऱ्या उपकरणाला ती २ तास देते. झिगबी२एमक्यूटीटी नावाचं दुसरं सॉफ्टवेअर सेलवाल्या उपकरणासाठी चक्क २५ तास थांबतं. म्हणजे सेन्सर काल सकाळी मेला असेल आणि आज सकाळपर्यंत स्क्रीनवर तो ठणठणीत दिसत असेल, असं होऊ शकतं.

आत्याच्या हबवर 'सेन्सर उपलब्ध नाही' ही सूचना रोज पहाटे चारच्या आसपास येत होती. मी चार दिवस पहाटेच्या मागे होतो: गारवा, दव, पहाटे वाढणारा व्होल्टेज. सगळं चुकीचं. चारमधून सहा तास मागे गेलं की रात्रीचे दहा येतात. मग मी 'शेवटचं कधी ऐकलं' ही नोंद उघडली. दर रात्री शेवटची हजेरी पावणेदहा ते साडेदहाच्या मध्ये, आणि सकाळी सातनंतर सेन्सर पुन्हा हजर. तुमच्याही ॲपमध्ये ही नोंद कुठेतरी असते. 'ऑफलाइन' या शब्दापेक्षा त्या वेळेवर विश्वास ठेवा.

मी आत्याला विचारलं, रात्री दहाच्या सुमाराला घरात काय होतं? ती म्हणाली, "काय व्हायचंय? ओटा पुसते, बटणं बंद करते आन झोपते."

मधला गडी

इथे थोडं यंत्राच्या आत जाऊ. असे बारके सेन्सर बहुतेक झिगबी नावाच्या बिनतारी पद्धतीने बोलतात. मधमाशी पोळ्यावर नागमोडी नाचून बाकीच्या माश्यांना फुलांचा पत्ता सांगते, त्यावरून हे नाव आलंय. या बोलण्याचा आवाज मुद्दाम लहान ठेवलेला असतो, नाहीतर सेल पुरणार नाही. लहान आवाज लांब जात नाही. मोकळ्या जागेतसुद्धा अंतर दुप्पट झालं की ताकद चौथाईवर येते, मग मध्ये भिंत असेल तर विचारायलाच नको.

त्यावर उपाय जुनाच आहे. वस्तीवर कुणाला निरोप द्यायचा आणि हाक तिथवर पोहोचत नसेल, तर बांधावर उभा असलेला माणूस ती हाक पुढे देतो. झिगबीत हे काम विजेवर चालणारी उपकरणं करतात: स्मार्ट प्लग, स्मार्ट बल्ब, भिंतीतले स्मार्ट स्विच. त्यांना वीज वाचवायची नसते, म्हणून ती चोवीस तास जागी असतात, सेन्सरची हाक ऐकतात आणि हबकडे पाठवतात. सेलवरची उपकरणं हे काम करत नाहीत. झोपलेला माणूस दुसऱ्याचा निरोप काय पोहोचवणार? पुष्कळ जण घरात दहा सेन्सर लावतात आणि म्हणतात, आता जाळं घट्ट झालं. दहाही सेन्सर सेलवरचे असतील तर जाळं नाहीच, दहा सुटे धागे आहेत.

या मधल्या उपकरणाला तांत्रिक भाषेत राऊटरच म्हणतात, पण वाय-फायच्या राऊटरशी गल्लत नको म्हणून मी 'मधला गडी' म्हणतो. प्रत्येक सेन्सर एका वेळी एकच गडी धरतो, किंवा जवळ असेल तर थेट हबला धरतो, आणि त्याच्यामार्फतच बोलतो. हा गडी कोण, हे ॲपमध्ये सहज दिसत नाही. जाळ्याचा नकाशा दाखवण्याची सोय काही हबमध्ये असते, तिथे जरूर बघा.

आत्याच्या घरचा नकाशा बघितला आणि उलगडा झाला. उन्हाळ्यात तिच्या कूलरसाठी मी स्वयंपाकघराच्या दाराशी एक स्मार्ट प्लग लावला होता, तिला अंथरुणातूनच कूलर बंद करता यावा म्हणून. हब पुढच्या बैठकीच्या खोलीत. टाकी आणि हब यांच्यामध्ये ती अडीच फुटी दगडी भिंत. सेन्सरने कुणालाही न विचारता त्या प्लगला धरलं होतं आणि प्लग त्याची हाक दारातून पुढे देत होता. मे महिनाभर कूलर रात्रभर चालू, म्हणून प्लग रात्रभर जागा. पाऊस लागला, कूलर माळ्यावर गेला, आणि त्याच प्लगवर आत्याने पाण्याचा फिल्टर जोडला. फिल्टर रात्री कशाला चालू ठेवायचा? ओटा पुसून झाला की भिंतीवरचं बटण बंद. त्या बटणासरशी टाकीवरच्या सेन्सरचा रस्ताच बंद होत होता. सकाळी सहा-साडेसहाला ती स्वयंपाकघरात आली, बटण चालू केलं, की पुढच्या हजेरीला सेन्सर परत. पाणी मात्र त्याआधी, पाच वाजता येऊन जायचं.

सेन्सरची चूक नव्हती, सेलची नव्हती, आत्याची तर नव्हतीच. झोपताना बटणं बंद करणं ही चांगली सवय आहे आणि ती मोडायला सांगणं मला पटलं नाही. "रात्री बटण चालू ठेवून झोपायचं कामून?" हा तिचा प्रश्न बरोबरच होता. मी प्लगची जागा बदलली. तिच्या देवघरात रात्रभर झिरोचा दिवा असतो, तो इन्व्हर्टरच्या लाइनीवर आहे, आणि ते बटण त्या घरात कुणी कधी बंद करत नाही. देवघर स्वयंपाकघराला लागूनच, दाराच्या अलीकडे. प्लग तिथे गेला, झिरोचा दिवा त्याच्यातून लावला.

म्हणून घरातला सेन्सर वारंवार तुटत असेल तर पहिला प्रश्न हा: याचा मधला गडी कोण आणि त्याची वीज कोण बंद करतं? स्मार्ट बल्बच्या बाबतीत हे फार होतं. बल्ब फोनवरून बंद केला तर तो उजेड देत नाही, पण जागा असतो. भिंतीवरच्या बटणाने बंद केला तर तो मेला, आणि त्याला धरून असलेले सेन्सर वाऱ्यावर. आपल्याकडे खोलीतून बाहेर पडताना बटण बंद करायला लहानपणापासून शिकवतात. त्यामुळे मधला गडी म्हणून बल्बपेक्षा प्लग बरा, आणि प्लगही अशा जागी, जिथलं बटण हाताला लागत नाही.

लाइट जाते तेव्हा

मराठवाड्यात हा लेख लिहिताना भारनियमन सोडून चालणार नाही. लाइट गेली की काय होतं बघा. हब आणि वाय-फाय इन्व्हर्टरवर असतात, ते चालू. प्लग आणि बल्ब साध्या लाइनीवर, ते सगळे एका दमात मेले. त्यांच्यावर विसंबलेले सेन्सर हजेरी लावायला उठतात, उत्तर येत नाही, पुन्हा प्रयत्न करतात, मग नवा गडी शोधायला लागतात. हे शोधणं सेन्सरला सगळ्यात महाग पडतं, कारण त्यासाठी रेडिओ चालू ठेवून कानोसा घ्यावा लागतो. रोज दोन-तीन वेळा लाइट जाणाऱ्या घरात सेल वर्षाऐवजी चार-सहा महिन्यांत उतरत असेल, तर सेलला शिव्या देण्याआधी हे आठवा.

काही सेन्सर शहाणे असतात, लाइट आल्यावर स्वतःहून रस्ता शोधतात. काही हेकट असतात. एकदा गडी गेला की थोडा वेळ शोधतात आणि मग गप्प पडून राहतात. त्यांना उठवायला डबीवरचं बारकं बटण एकदाच हलकं दाबायचं. दाबून धरायचं नाही, धरलं तर रीसेट होईल. नुसतं टिचकीसारखं दाबलं की सेन्सर उठून निरोप टाकतो आणि बहुतेक वेळा रस्ता सापडतो.

कायमचा इलाज म्हणजे इन्व्हर्टरच्या लाइनीवर किमान एक, शक्यतो दोन मधले गडी ठेवणे. स्मार्ट प्लग स्वतः फार वीज खात नाही, साधारण एक वॅट किंवा त्याहून कमी. इन्व्हर्टरला त्याचं ओझं नाही.

इन्व्हर्टरची आणखी एक बारकी गोष्ट. लाइट गेल्यावर इन्व्हर्टर सुरू व्हायला क्षणाचा काही अंश जातो. पंख्याला ते कळतही नाही, पण हब तेवढ्यात बंद होऊन पुन्हा चालू होतो. घरातले सगळे सेन्सर एकदम तुटत असतील तर संशय एकेका सेन्सरवर घेऊ नका, हबवर घ्या. पुष्कळ इन्व्हर्टरना 'यूपीएस मोड' चा खटका असतो. तो त्या बाजूला केला की अदलाबदल जलद होते. तरी भागत नसेल तर राऊटरसाठी मिळणारा छोटा यूपीएस हबला लावता येतो. फक्त व्होल्टेज तपासून घ्या: वाय-फाय राऊटर बहुधा १२ व्होल्टचे असतात आणि हब बरेचदा ५ व्होल्टचे. पिन बसते म्हणून बारा व्होल्ट लावले तर हब जळेल.

लाइट परत आल्यावरचा घोळ वेगळाच, आणि तो लवकर लक्षात येत नाही. त्यासाठी चॅनेल समजून घ्यावं लागेल.

एकाच चावडीवर दोन बैठका

वाय-फाय आणि झिगबी दोघंही २.४ गिगाहर्ट्झ या पट्ट्यात बोलतात. चावडी एकच. वाय-फायचा आवाज मोठा, झिगबीचा कुजबुजल्यासारखा. वाय-फायवर कुणी सिनेमा बघत असेल तर झिगबीची कुजबुज त्यात बुडते.

पण चावडीत कोपरे आहेत. झिगबीचे १६ चॅनेल आहेत, ११ पासून २६ पर्यंत क्रमांकाचे, २४०५ ते २४८० मेगाहर्ट्झ, दर ५ मेगाहर्ट्झवर एक. प्रत्येकाची रुंदी २ मेगाहर्ट्झ. वाय-फायचा एक चॅनेल साधारण २० मेगाहर्ट्झ रुंद, म्हणजे झिगबीचे चार चॅनेल तो एकटाच दाबून बसतो. वाय-फाय १ वर असेल तर झिगबीचे ११ ते १४ गेले. ६ वर असेल तर १६ ते १९. ११ वर असेल तर २१ ते २४. मधल्या फटीत १५ आणि २० राहतात, आणि पार टोकाला २५ व २६. आकडे सारखे दिसतात म्हणून फसू नका. वाय-फायचा ११ आणि झिगबीचा ११ यांचा एकमेकांशी काही संबंध नाही, ते पट्ट्याच्या दोन वेगळ्या टोकांना आहेत.

आता लाइटचा घोळ. बहुतेक वाय-फाय राऊटर 'ऑटो' वर असतात. पुन्हा चालू झाले की शेजारपाजारचा गलबला ऐकून तेव्हा रिकामा वाटेल तो चॅनेल पकडतात. इन्व्हर्टर नसलेल्या घरात लाइट येते तेव्हा गल्लीतले सगळे राऊटर एकाच मिनिटाला उठतात आणि सगळे नव्याने जागा पकडतात. कालपर्यंत तुमची झिगबी निवांत होती, आज तिच्या डोक्यावर शेजारच्याचं वाय-फाय येऊन बसलं. 'लाइट गेल्यापासून बिघडलंय' अशी तक्रार असते तेव्हा मी चॅनेल आधी बघतो.

आपल्या राऊटरचा २.४ वाला चॅनेल ऑटोवरून काढून १ वर पक्का करा. रुंदी ४० असेल तर २० करा, कारण चाळीसवर वाय-फाय जवळजवळ निम्मा पट्टा व्यापतं. झिगबी २० किंवा २५ वर असलेली बरी. २६ मोकळा वाटतो, पण काही उपकरणं त्यावर चालतच नाहीत आणि काही तिथे आवाज आणखी कमी करतात. बदल करायचाच असेल तर आधी वाय-फायचा करा. फोन, टीव्ही नव्या चॅनेलवर आपोआप जातात. झिगबीचा चॅनेल बदलला तर हेकट सेन्सर मागे राहतात आणि ते एकेक करून पुन्हा जोडावे लागतात.

हब राऊटरला चिकटवून ठेवू नका. टीव्हीच्या फळीवर दोन्ही शेजारी ठेवायची पद्धत पडलीय. दीड-दोन मीटरचं अंतर ठेवा, हब उंचावर, टीव्हीच्या मागे नको. मायक्रोवेव्हही याच पट्ट्यात काम करतो, म्हणून तो चालू असताना स्वयंपाकघरातला सेन्सर गडबडला तर नवल नाही. घरच्या छोट्या कॉम्प्युटरला झिगबीची पेनड्राइव्हसारखी काडी लावून हब करणाऱ्यांनी ती निळ्या यूएसबी ३ च्या खाचेत थेट खुपसू नये, कारण त्या खाचेतून २.४ च्या आसपासच गोंगाट निघतो. हात-दोन हात लांबीची एक्स्टेंशन वायर लावून काडी दूर केली की पुष्कळांचं सगळं दुखणं तिथेच संपतं.

भिंत, पत्रा आणि पाणी

आपल्याकडच्या जुन्या घरांचा काळा दगड म्हणजे बेसाल्ट. त्याची अडीच फुटी भिंत रेडिओला भारी पडते. विटांची नऊ इंची भिंत त्यामानाने सोपी. पत्रा मात्र कुणालाच जाऊ देत नाही. पत्र्याच्या शेडमधल्या गोठ्याला किंवा दुकानाला सेन्सर लावणार असाल तर डबी दाराच्या किंवा खिडकीच्या रेषेत हवी. लोखंडी कपाट मधे येत असेल तर कपाट हातभर सरकवून बघा, कधी तेवढ्यानेही काम होतं. दगडी घरात भिंत भेदायचा हट्ट धरू नये, दारातून वळसा घालून मधला गडी ठेवावा.

पाणी हा या सगळ्यात अनोळखी शत्रू आहे. २.४ गिगाहर्ट्झच्या लहरी पाण्यात फार लवकर विरतात. टाकी रिकामी असताना सेन्सर सुरेख बोलतो, आणि टाकी भरली की गप्प होतो, म्हणजे नेमका गरजेच्या क्षणी. असं होत असेल तर डबी टाकीच्या पलीकडच्या बाजूला लागली आहे आणि हजार लिटर पाणी तिच्या आणि हबच्या मध्ये उभं आहे. डबी घराकडच्या बाजूला, पाण्याच्या पातळीच्या वर बांधा. पावसाळ्यात भिजलेल्या भिंतीही थोडा आवाज खातात, त्यामुळे उन्हाळ्यात कसाबसा चालणारा सेन्सर श्रावणात तुटला तर आश्चर्य वाटायला नको.

ॲपमध्ये सिग्नलचा आकडा दोन तऱ्हांनी येतो. एक ० ते २५५ मधला, जितका मोठा तितका चांगला. दुसरा उणे आकडा: उणे ५० म्हणजे शेजारी बसून बोलल्यासारखं, उणे ८५ च्या पलीकडे गेला की हाक कधी पोहोचेल, कधी नाही. टाकी भरलेली असताना, दारं लावलेली असताना आकडा बघा. सगळं उघडं ठेवून घेतलेला आकडा काही कामाचा नाही.

सेल

सेलबद्दल सगळे पहिल्यांदा बोलतात, मी मुद्दाम उशिरा आलो. ॲपमधली टक्केवारी हा व्होल्टेजवरून बांधलेला अंदाज आहे. लिथियमच्या सेलचा व्होल्टेज शेवटपर्यंत जवळजवळ सपाट राहतो आणि मग एकदम कोसळतो. म्हणून कालपर्यंत शंभर टक्के दाखवणारा सेल आज मेलेला निघतो. मल्टिमीटर असेल तर मोजा: नवा सेल तीन व्होल्टच्या थोडा वरच दाखवतो. २.८ च्या खाली असेल तर बदलून टाका. तीन दाखवत असला तरी म्हातारा सेल निरोप पाठवायच्या क्षणी, जेव्हा झटकन जास्त करंट लागतो, तेव्हा मान टाकतो. मोजताना तो क्षण दिसत नाही. म्हणून शंका आली की चांगल्या दुकानातला, बंद पाकिटातला नवा सेल घालून बघणं सरळ पडतं. सेल बसवण्याआधी डबीतल्या पितळी पट्ट्या खोडरबराने हलक्या घासा.

आपल्या मे महिन्यात गच्चीवरच्या काळ्या टाकीच्या झाकणाला हात लावून बघा, चटका बसतो. या सेलना साधारण ६० अंशांपर्यंतच काम करायला सांगितलेलं असतं. टाकीच्या सावलीच्या बाजूला डबी बांधली, वर थर्माकोलचा तुकडा टाकला, तर सेल उन्हाळा काढतो.

आणि एक कळकळीची विनंती. काढलेला सेल टेबलावर, खिडकीत ठेवू नका. लहान मुलाने गिळला आणि तो अन्ननलिकेत अडकला तर दोन तासांतही आतून गंभीर भाजतं. पोटातून आपोआप पडेल म्हणून वाट बघायची नाही, उलटी करवायची नाही, तडक दवाखाना गाठायचा. जुना सेल चिकटपट्टीत गुंडाळून, कपाटात वर.

बाकीचे प्रकार, थोडक्यात

झेड-वेव्ह ही आणखी एक बिनतारी पद्धत, तिचे सेन्सर वेगळ्या पट्ट्यात बोलतात. भारतात ८६५.२ मेगाहर्ट्झ, युरोपात ८६८.४, अमेरिकेत ९०८.४. अमेरिकेहून कुणी प्रेमाने आणून दिलेला सेन्सर इथल्या हबला जोडला जाणार नाही. तो बिघडलेला नाही, पण इथे त्याचा उपयोगही नाही. थ्रेड ही झिगबीसारखीच, त्याच पट्ट्यातली पद्धत, त्यामुळे मधला गडी, वाय-फायचा गोंगाट, पाणी हे सगळं तिलाही लागू. खोक्यावर मॅटर (वेगवेगळ्या कंपन्यांच्या उपकरणांना एकमेकांशी बोलता यावं म्हणून ठरवलेली बोली) लिहिलेलं असेल तर त्यावरून रेडिओ कोणता ते कळत नाही, आत वाय-फाय असेल किंवा थ्रेड, ते वेगळं वाचावं लागतं. वाय-फायवाले सेन्सर बहुतेक फक्त २.४ ओळखतात. राऊटरवर २.४ आणि ५ दोन्हींना एकच नाव असेल तर काही सेन्सर जोडतानाच अडतात. तेवढ्यापुरतं ५ बंद करून जोडून घ्यावं.

रीसेटची वेळ

हे सगळं तपासून झालं आणि तरी जोडणी पुन्हा करावी लागली, तर सेन्सर हबच्या यादीतून पुसू नका. न पुसता नव्याने जोडला की बहुतेक हब त्याला त्याच्या कायमच्या पत्त्यावरून ओळखतात, आणि आधीचं नाव, आधीच्या सूचना तशाच राहतात. जोडणी सेन्सर जिथे राहणार आहे तिथेच करा. हबशेजारी बसून जोडला तर तो हबलाच धरतो, मग गच्चीवर नेल्यावरही जुनं नातं सोडायला वेळ लावतो. टाकीवर चढून जोडला तर देवघरातल्या प्लगला धरेल. जोडल्यावर दिवसभर काही हलवू नका, जाळ्याला बसायला वेळ लागतो.

आत्याच्या देवघरात प्लग लावल्यावर मी पंधरा दिवस लातूरहून रोज सकाळी ती नोंद बघत होतो. हजेरी तासाला तासाला, रात्रीसुद्धा. त्यात दोनदा लाइट जाऊन आली, तरी खंड नाही. नंतरच्या पाण्याच्या दिवशी पहाटे साडेपाचला तिचाच फोन आला, "वाजली बरं का घंटी."

एवढं करूनही तुमचा सेन्सर तुटतच राहिला, तर शेवटची परीक्षा घ्या. घरातला नीट चालणारा त्याच जातीचा दुसरा सेन्सर त्याच्या जागी लावा आणि याला त्याच्या जागी. आठवडाभर वहीत वेळा लिहा. दुखणं जागेवरच राहिलं, तर तिथला रस्ता अजून सापडलेला नाही, मधला गडी आणखी जवळ आणावा लागेल. दुखणं सेन्सरबरोबर गेलं, तर सेन्सरच खराब आहे. वॉरंटी असेल तर वही घेऊन दुकानात जा आणि तारीखवार नोंदी पुढे ठेवून बदलून मागा.